पाठ

सुपडू तायडेचा चेहरा
मला नीट सांगता यायचा नाही.
चौदा वर्षं मी गोलात,
तो माझ्यापुढे, जरासा डावीकडे.
त्यामुळे मला त्याची पाठ पाठ आहे:
पाच नंबर, त्याच्या शेपटीचा टाका उसवलेला,
मानेवर घामोळं,
आणि बॉल कुठून येणार ते
बॉलच्याही आधी कळलेला
डावा खांदा.

आधीची दोन लेकरं गेली
म्हणून आईनं याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीनं उचलला,
आईनं पसाभर ज्वारी देऊन परत घेतला.
कोल्हापूरच्या क्लबाचा माणूस आला तेव्हा
शेडच्या कँटीनमध्ये आम्ही चहा फिरवला.
सुपडू गेला. चौथ्या दिवशी पॅसेंजरनं माघारी.
"तिथं ग्राउंडावर गवत हाये भो, पाय फसतो."
मग बऱ्याच वेळानं, बूट सोडता सोडता,
"अन् एकदा इकलेला माणूस
पुन्हा काय इकायचा?"

भुसावळचं आमचं ग्राउंड काळ्या मातीचं.
मार्चपासून तडे जायचे,
बॉल तड्याला लागून भलतीकडेच वळायचा.
बाहेरच्या टीमा शिव्या द्यायच्या.
सुपडूला तडे ठाऊक होते
जशी गल्लीतली पोरं ठाऊक असतात,
कोण गुणाचं, कोण दगा देणार.

कामाला तो चावीवाला.
खांद्यावर हातोडा, काखेत लाल झेंडी,
भादलीच्या बाजूला रूळ बघत जायचं, रूळ बघत यायचं,
सैल चावी दिसली की दोन ठोके.
वरून रात्री केळीच्या वाघिणी जात,
मेल जात, आत माणसं तोंड उघडी टाकून झोपलेली.
कोणी खिडकीतून उतरून
"वा, काय ठोकलीस!" म्हणालं नाही.

गोल मेल्विन मारायचा.
सोनेरी केस, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचात पहिला,
पेपरात फोटो त्याचाच.
एका फोटोत कडेला एक कोपर आहे.
ते सुपडूचं. मी शपथेवर सांगतो.
मेल्विन पुढे ऑस्ट्रेलियाला गेला,
नाताळला कार्ड पाठवायचा: "वॉलला सांग, आठवण येते."
वॉल म्हणजे सुपडू. मी सांगितलं.
"मंग त्यानं बॉल कधीतरी मांगं द्यायचा होता," तो म्हणाला.

त्याच्या नावावर गोल एकच.
मनमाडला, सेमीफायनल, माझ्याच जाळ्यात.
नडगीला लागून गेला, मी उलट्या बाजूला पडलेलो.
तेव्हा तो वळला.
हा एवढाच चेहरा मला आठवतो:
डोळ्यांत माती, ओठ फुटलेला,
आणि हिशेब चुकलेल्या कारकुनासारखा गोंधळ.
मग म्हणाला, "चाल, बॉल काढ."
आणि पुन्हा पाठ.
पुढचा अर्धा तास त्या पाठीतून
वारासुद्धा आला नाही.
आम्ही हरलोच.

किती अडवले, कोणी लिहून ठेवलं नाही.
मी एकदा वहीत मांडायला बसलो,
कोरं पान बघून वही मिटली.
जे झालंच नाही ते कुठल्या रकान्यात भरायचं?

आता ग्राउंडावर प्रदर्शनं लागतात,
आकाशपाळणा, मसाल्याचे स्टॉल.
सुपडूचा गुडघा वाजतो.
रविवारी आम्ही भरताची वांगी घ्यायला बाजारात जातो,
एवढ्या गर्दीत दोघं शेजारी शेजारी चालावं की नाही?
पण तो पुढेच चालतो,
जरासा डावीकडे.
मी हाका मारणं सोडलंय.
समोरून हातगाडी येते, रिक्षा येते,
मला काहीच दिसत नाही,
फक्त त्याचा खांदा
हलतो.